मुंबईहून चालणारं मस्कत



घरात शाळकरी मुलं असली की "ओमानवरही इंग्रजांचं राज्य होतं का?" हा प्रश्न कधी ना कधी येतोच. आपण "नाही" म्हणतो, आणि ते खरंच आहे. ओमान ही ब्रिटिश वसाहत कधीच नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इथे अल बू सईद घराण्याचंच राज्य आहे. पण मुलं तेवढ्यावर थांबत नाहीत. मग १९७० पर्यंत मस्कतच्या बाजारात रुपये कसे चालायचे? इथल्या पत्रांवर हिंदुस्थानची तिकिटं कशी लागायची? याचं उत्तर शोधायला निघालं की आपण मुंबई, पुणे आणि साताऱ्याला जाऊन पोचतो. म्हणून आज तीन इंग्रजांची ओळख करून घेऊ. तिघांचीही नावं आपल्या इतिहासात आहेत.

पहिला : जॉन माल्कम

१७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला आणि ईस्ट इंडिया कंपनीचे धाबे दणाणले. फ्रेंच समुद्रमार्गे टिपू सुलतानाला मदत पाठवतील, ही भीती होती. त्या मार्गावरचं मोठं बंदर म्हणजे मस्कत. त्याच वर्षी कंपनीने मस्कतच्या राज्यकर्त्याशी करार करून फ्रेंचांना बंदराबाहेर ठेवण्याचं वचन घेतलं. जानेवारी १८०० मध्ये माल्कमने पुढचा करार केला. त्यानुसार मस्कतमध्ये कंपनीचा प्रतिनिधी कायम राहू लागणार होता. हाच माल्कम १८१८ साली आपल्याला पुन्हा भेटतो. दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती त्याच्यापुढे. पुढे तो मुंबईचा गव्हर्नरही झाला.

दुसरा : लायोनेल स्मिथ

नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे घेणारी आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला लढणारी इंग्रज फौज स्मिथच्या हाताखाली होती. आष्टीलाच सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. तीनच वर्षांनी हा स्मिथ ओमानमध्ये आला. सूरच्या दक्षिणेला जालान बनी बू अली हे गाव आहे. तिथल्या टोळीवर चाचेगिरीचा आरोप ठेवून १८२० मध्ये कंपनीने मस्कतच्या सय्यद सईदसह चढाई केली आणि सपशेल मार खाल्ला. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला पूर्वीचा रेसिडेंट. त्याच्या कारकिर्दीत १८२१ साली मुंबईहून मोठी फौज निघाली आणि स्मिथने ते गाव जिंकलं. आज बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जुन्या युद्धसन्मानांच्या यादीत 'बेनी बू अली' हे नाव आहे ते यामुळे.

तिसरा : बार्टल फ्रिअर

१८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी (आप्पासाहेब) वारले, तेव्हा फ्रिअर तिथे रेसिडेंट होता. दत्तकाला मान्यता द्यावी असं त्याचं मत होतं, पण डलहौसीने राज्य खालसा केलं. त्यानंतर साताऱ्याचा कारभार कमिशनर म्हणून फ्रिअरनेच पाहिला. १८६२ ते १८६७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. फोर्टची तटबंदी त्याच्याच काळात पडली आणि फ्लोरा फाउंटन मुळात त्याच्या सन्मानार्थ उभारलं गेलं.

१८७३ मध्ये तो झांजिबारहून मस्कतला आला आणि सुलतान तुर्की यांच्याशी गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार केला. काम निःसंशय चांगलं होतं. पण सुलतानाची बाजूही पाहायला हवी. १८६१ मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने निवाडा देऊन मस्कत आणि झांजिबार ही एकाच घराण्याची दोन राज्यं वेगळी केली होती. झांजिबारने मस्कतला वर्षाला ४०,००० रियाल द्यायचे ठरले होते. झांजिबारकडून पैसे येईनात, तेव्हा ती रक्कम ब्रिटिश हिंदुस्थान सरकार देऊ लागलं. ज्याच्या तिजोरीत दुसऱ्याचा पैसा, त्याला "नाही" म्हणणं जड जातं.

फ्रिअर पुढे १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर झाला. झुलू राजा सेत्श्वायोला त्याने अशक्य अटींचा निर्वाणीचा खलिता धाडला आणि जानेवारी १८७९ मध्ये युद्ध पेटलं. सातारा, मस्कत, झुलूलँड : माणूस एकच, हत्यारं वेगवेगळी.

गादी तशीच, निर्णय दुसऱ्याचे

पुण्या-साताऱ्याची गादी घेतली, मग मस्कतची का नाही? एक तर इंग्रजांना हवा होता तो समुद्रमार्ग. आतल्या डोंगर-वाळवंटातून महसूल मिळण्यासारखा नव्हता. शिवाय १८६२ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सने मस्कतचं स्वातंत्र्य मान्य करणारं संयुक्त जाहीरनामापत्र काढलं होतं. म्हणून सुलतान गादीवर राहिला. आमच्या संगणकाच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर मुंबईत होता आणि मस्कतमध्ये नुसता स्क्रीन.

हे कसं चालायचं, याचा नमुना १८९९ चा. सुलतान फैसल यांनी फ्रेंचांना बंदर जिस्सा इथे कोळशाच्या ठाण्यासाठी जागा देऊ केली. इंग्रज युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागण्याची धमकी दिली आणि सुलतानाला शब्द मागे घ्यावा लागला. सुटीच्या दिवशी आपण त्याच किनाऱ्याकडे मुलांना घेऊन जातो.

हीच रीत इंग्रजांनी आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोट्स्वानात, १८८५ पासून वापरली. टोळीप्रमुख आपापल्या जागी राहिले आणि कारभार चालला मॅफेकिंगहून. ते गाव तर त्या प्रदेशाच्या हद्दीबाहेर होतं! १९६६ मध्ये स्वतंत्र होताना बोट्स्वानाला राजधानी नव्याने वसवावी लागली.

आपल्या रुवीत

रुवीतला बैत अल फलज हा पांढरा किल्ला सगळ्यांनी पाहिला असेल. ११ जानेवारी १९१५ रोजी इमामाच्या सुमारे ३,००० माणसांनी मस्कतच्या रोखाने इथे हल्ला केला. सुलतान इंग्रजांच्या आधाराने राज्य करतात आणि शस्त्रांच्या व्यापारावर बंधनं घालतात, हा आतल्या टोळ्यांचा राग होता. हल्ला परतवला तो हिंदी सैनिकांनी. ते होते ९५ रसेल्स इन्फंट्री आणि जुन्या मुंबई सैन्यातून आलेल्या १०२ ग्रेनेडियर्सचे. १९२० च्या सीब करारानंतर किनारा सुलतानाकडे राहिला आणि आतल्या भागाने आपला कारभार आपण पाहिला. पुढे याच किल्ल्यात सुलतानाच्या सैन्याचं मुख्यालय होतं. शेजारच्या धावपट्टीवर १९७३ मध्ये सीबचा विमानतळ सुरू होईपर्यंत विमानं उतरत. आता तिथे बँकांच्या इमारती आहेत आणि किल्ल्यात १९८८ पासून सैन्यदलांचं संग्रहालय.

रुपयाची गोष्टही अशीच. १९५९ मध्ये सोन्याच्या तस्करीला आळा घालायला रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि दिल्लीतल्या एका निर्णयाने मस्कतच्या दुकानदाराची शिल्लकही घटली. मे १९७० मध्ये २१ रुपयांना एक या दराने सैदी रियाल आला; तोच पुढे ओमानी रियाल झाला. रुपया गेला, पण 'बैसा' राहिला. अरबीत 'प' नाही, म्हणून आपला पैसा इथे बैसा.

मुलांना काय सांगायचं?

ओमानवर इंग्रजांचं राज्य नव्हतं, पण परराष्ट्र व्यवहार, फौज आणि चलन यांचे मोठे निर्णय दीडशे वर्षांहून अधिक काळ बाहेरून ठरत होते. सुलतान सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले आणि सुलतान काबूस सँडहर्स्टला, यातूनही तो वारसा दिसतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जरा अवघड असली तरी. आपण स्वतःला इंग्रजांच्या गुलामीत भरडलेले म्हणून ओळखतो, आणि ते खरं आहे. पण जालानच्या गावकऱ्यांना १८२१ मध्ये समोर दिसली ती मुंबईची फौज होती. त्या शिपायांनी लढाई स्वतः निवडली नव्हती. पेशवाई बुडून तीनच वर्षं झाली होती आणि पोटासाठी कंपनीची चाकरी होती. तरी गोळी लागणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? म्हणून या देशात वावरताना "आपण दोघेही इंग्रजांचे बळी" एवढंच म्हणून चालणार नाही. इथल्या लोकांनी ते मनात न ठेवता आपल्याला जागा दिली, याची जाण असावी.

एखाद्या सुटीत मुलांना बैत अल फलजला घेऊन जा. जाताना एक बैशाचं नाणं खिशात ठेवा आणि गोष्ट तिथूनच सुरू करा.