पेशीतला 'ध' चा 'मा'

नारायणराव पेशव्यांची ती गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. चिठ्ठीत होतं 'धरावे', कुणी तरी 'ध'चा 'मा' केला आणि १७७३ साली शनिवारवाड्यात गारद्यांनी पेशव्यांना मारलं. चिठ्ठीचं खरंखोटं इतिहासकार बघतील. पण १९८२ साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत अगदी अशीच एक खाडाखोड सापडली, आणि ती शंभर टक्के खरी होती.

मूत्राशयाच्या कर्करोगातल्या पेशींमधलं 'रास' नावाचं जनुक निरोगी पेशीतल्या त्याच जनुकाशी ताडून पाहिलं, तेव्हा घात करणारा फरक निघाला एका अक्षराचा. 'जी'च्या जागी 'टी'. माणसाची जनुकीय पोथी सुमारे ३०० कोटी अक्षरांची, त्यातलं एक!

या जनुकावरून बनणारं प्रथिन म्हणजे एक बटण. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की ते चालू होतं, एका पेशीच्या दोन होतात, बटण बंद. ते अक्षर बदललं की बटण चालूच अडकतं. मग निरोप येवो न येवो, पेशी आपली वाढतच राहते. बाहेरचा शत्रू इथे कुणी नाहीच, गारदी वाड्यातलेच.

मग आपण सगळे लहानपणीच कसे जात नाही? शरीरात रोज अब्जावधी पेशी नव्याने बनतात आणि दर वेळी अख्खी पोथी उतरवून घ्यावी लागते. मला तर कर्करोगापेक्षा याचंच नवल जास्त वाटतं. शरीर एका चुकीवर पेशवा पडू देत नाही. खाडाखोड शोधून दुरुस्त करणारी प्रथिनं पेशीत सतत फिरत असतात. 'पी ५३' नावाचं प्रथिन तर पोथी फारच बिघडली असेल तर पेशीला स्वतःला संपवायला लावतं. त्याच्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती, हत्तीकडे चाळीसेक! एवढं अवाढव्य धूड, तरी हत्तीला कर्करोग क्वचित होतो, त्यामागे हे एक कारण असावं.

ही सगळी कुलुपं एकामागून एक तुटायला बहुधा वर्षानुवर्षं लागतात. तंबाखू हे काम सोपं करते. तिच्यातली नायट्रोसअमाइन्स नावाची रसायनं डीएनएला, म्हणजे या पोथीलाच, चिकटतात आणि उतारा करताना अक्षर चुकतं. तंबाखूची गोळी रोज गालात त्याच जागी धरणारा माणूस तिथल्याच पेशींच्या पोथीवर रोज शाई सांडत असतो.

पुढचं गणित भलतंच फसवं आहे. एकीच्या दोन, दोनाच्या चार करत तिसाव्या दुपटीला शंभर कोटींवर पेशी होतात, पण त्यांची गाठ जेमतेम सेंटिमीटरभर. आणखी दहा दुपटी, की किलोभर. गाठ हाताला लागते तेव्हा तिचं बरंचसं आयुष्य आपल्या नकळत सरलेलं असतं.

तोंडात मात्र बऱ्याचदा आधी वर्दी मिळते. गाठ होण्यापूर्वी पांढरा किंवा लाल चट्टा उमटतो आणि तो साध्या आरशात दिसतो. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होतो असं नाही. तरी घरात कुणी तंबाखू-गुटखा खात असेल, मिश्री लावत असेल, तर एकदा उजेडात त्यांना आ करायला सांगा. दोन-तीन आठवड्यांत न गेलेला चट्टा किंवा न भरलेली जखम दिसली, तर त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.