मुंबईतली टॅक्सी : कधी घ्यावी, कधी सोडावी

मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. घरे मुख्यतः उपनगरांत, जुनी कचेऱ्यांची वस्ती फोर्ट-नरिमन पॉइंटला. त्यामुळे सकाळी गाड्यांचा लोंढा दक्षिणेकडे लागतो आणि संध्याकाळी उलटा फिरतो. गेटवे, वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, क्रॉफर्ड मार्केट ही पाहुण्यांची ठिकाणेही दक्षिण टोकालाच. म्हणून टॅक्सीने किती वेळ लागेल हे किलोमीटरवरून सांगता येत नाही. कोणत्या वेळी आणि कोणत्या दिशेने निघायचे, यावर सगळे अवलंबून असते.

रस्त्यावर हात करून थांबवता येते ती काळी-पिवळी. अनेक वर्षे ती म्हणजे प्रीमियर पद्मिनीच होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली. आता त्या जागी वॅगन-आरसारख्या लहान गाड्या धावतात. टपाच्या कॅरिअरवर बोजे बांधून स्टेशन गाठायची सोय मात्र पद्मिनीबरोबर बरीचशी गेली. बाहेर बसवलेला जुना मीटर आणि त्याचे आकडे लावून पाहायचे दरपत्रकही गेले. इलेक्ट्रॉनिक मीटर थेट रक्कम दाखवतो. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला टॅक्सीचे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये पडतात. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पाव पट जास्त.

रिक्षा सगळीकडे मिळेल असे समजू नये. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीव यांच्या पलीकडे, म्हणजे शहर भागात, तिला परवानगी नाही. अंधेरीहून कुलाब्याला रिक्षाने निघालेल्याला वांद्र्याला उतरावेच लागते.

टॅक्सीवाला ‘नाही’ म्हणतो, हे गाऱ्हाणे जुने आहे. भाडे नाकारणे मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. तरीही ते घडते, आणि त्यामागे नुसता आडमुठेपणा नसतो. बरेच चालक गाडी पाळीवर चालवतात. ठरल्या वेळी, ठरल्या जागी ती दुसऱ्याच्या हाती द्यायची असते. परतीचे भाडे मिळणार नाही अशा ठिकाणी जायलाही ते कुरकुरतात. ॲपवरच्या गाडीत भाडे आधी कळते, पण ऐन गर्दीत किंवा पावसात तेच भाडे झपाट्याने चढते. विमानतळावर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे. नवख्याने बाहेर घेरणाऱ्या दलालांकडे न पाहता तिथेच जावे.

चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरच्या शेअर टॅक्सीची मात्र पाहुण्यांना क्वचितच माहिती असते. नरिमन पॉइंटकडे जाणाऱ्या या गाड्या सीट भरल्या की सुटतात आणि माणशी ठरलेले भाडे घेतात. सकाळच्या वेळी याहून स्वस्त टॅक्सी शहरात नाही.

नव्या रस्त्यांनी गणित थोडे बदलले आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९) आता किनारी रस्त्याला जोडला गेल्याने वांद्र्याहून मरीन ड्राइव्हपर्यंत सिग्नलविना जाता येते. किनारी रस्त्याला टोल नाही, सेतूला आहे आणि टॅक्सीत तो प्रवाशाच्या माथी पडतो. पावसाळ्यात हे सारे बाजूला राहते: हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी सबवे येथे पाणी भरले की गाड्या जागच्या जागी अडकतात. अनंत चतुर्दशीला लालबाग-गिरगावात गाडी नेण्याचा विचारही करू नये.

स्वतःची गाडी आणणाऱ्यांना एक दिलासा मिळाला: ऑक्टोबर २०२४ पासून शहराच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान वाहनांना टोल नाही. खरी अडचण आत शिरल्यावर सुरू होते. कुलाबा किंवा क्रॉफर्ड मार्केटला गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास सहज जातो, आणि कुठेतरी घुसवून ठेवली तर टोइंगवाले उचलून नेतात. कुटुंबासह आलेल्यांनी दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवणे त्यापेक्षा सोयीचे.

लांबचे अंतर मात्र गर्दीच्या वेळी गाडीने कापण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून विमानतळामार्गे थेट कफ परेडपर्यंत धावते. हातात एकच बॅग असेल तर मेट्रोने किंवा लोकलने दक्षिणेला यावे आणि शेवटच्या दोन-तीन किलोमीटरसाठी काळी-पिवळीला हात करावा.