मूळव्याधीच्या आड दडलेला संसर्ग

जयपूर : उत्तर भारतातील शहरांत रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर ‘बवासीर’, ‘भगंदर’ आणि ‘गुप्तरोग’ हे तीन शब्द शेजारी शेजारी रंगविलेले दिसतात. राजस्थानची राजधानीही त्यास अपवाद नाही. पहिले दोन विकार वैद्याला दाखवावयाचे आणि तिसरा कोणालाच सांगावयाचा नाही, असा लोकांचा संकेत आहे. परमा, क्लॅमिडिया, सिफिलिस अर्थात गरमी आणि हर्पिस हे लैंगिक संसर्ग गुदाशयातही होतात आणि शौचाच्या वेळी कळ, रक्तस्राव, चिकट वा पूमिश्रित स्राव ही त्यांची लक्षणे मूळव्याधीशी मिळतीजुळती असतात. परंतु या आजारांचा परस्परसंबंध फारच थोड्यांच्या लक्षात येतो.

जयपूरमध्ये अशा रुग्णाला जाण्यासाठी जागा कमी नाहीत. १९४७ मध्ये स्थापन झालेले सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय येथे आहे. क्षारसूत्रासारख्या उपचारांसाठी भगंदराचे रुग्ण जेथे येतात, ती १९७६ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय आयुर्वेद संस्थाही येथेच आहे. परंतु कोणत्याही शहरात रुग्ण कोणत्या दारातून आत येतो, यावरच त्याचे निदान पुष्कळदा ठरते. गुदाच्या तक्रारीसाठी शस्त्रक्रिया विभागात आलेल्या माणसाला लैंगिक संबंधांविषयी सहसा विचारले जात नाही, आणि तो आपण होऊन सांगत नाही.

लक्षणे असलेल्या रुग्णाची ही स्थिती आहे. साथरोगशास्त्राच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न लक्षणे नसलेल्यांचा आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे २००३ मध्ये समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या केलेल्या तपासणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. गुदाशयातील सुमारे ८५ टक्के संसर्गांत कोणतेही लक्षण आढळले नाही. क्लॅमिडियाचे ५३ टक्के आणि परम्याचे ६४ टक्के संसर्ग मूत्रमार्गाबाहेर होते. म्हणजे केवळ मूत्रमार्गाची तपासणी केली असती तर निम्म्याहून अधिक संसर्ग निसटले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या वर्षात जगात क्लॅमिडियाचे १२ कोटी ९० लाख आणि परम्याचे ८ कोटी २० लाख नवे संसर्ग झाले. त्यांतील किती गुदाशयातील होते, हे अशा अंदाजातून समजत नाही.

भारतात ही मोजणी अधिकच अवघड आहे. येथील सरकारी व्यवस्था दीर्घकाळ लक्षणसमूहावर आधारित उपचारांवर चालत आली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्यात औषधांचे रंगीत संच ठरविण्यात आले. मूत्रमार्गातील, गर्भाशयमुखातील आणि गुदाशयातील स्रावासाठी करड्या रंगाचा संच होता व त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम ही औषधे होती. प्रयोगशाळा नसलेल्या गावीही त्याच दिवशी उपचार मिळावेत हा त्यामागील हेतू योग्यच होता. मात्र ज्याला स्राव नाही, तो या पद्धतीत मोजलाही जात नाही आणि त्याला औषधही मिळत नाही. प्रॉक्टोस्कोपने आतील दाह दिसतो. शांत संसर्ग दिसत नाही. त्यासाठी जंतूंची जनुकीय चाचणी लागते, आणि तिचा खर्च हा अडसर आहे.

औषधाचा प्रश्नही नंतर पुढे आला. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुदाशयातील क्लॅमिडिया सात दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने ९६.९ टक्के रुग्णांत बरा झाला. अझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेने हे प्रमाण ७६.४ टक्केच राहिले. एकाच वेळी गोळी घेऊन मोकळे होण्याची सोय येथे रुग्णाला महागात पडू शकते.

दुर्लक्षित संसर्ग कसा पसरतो, याचे उदाहरण नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २००३ मध्ये मिळाले. जांघेत बद येणारा, उष्ण प्रदेशातील म्हणून ओळखला जाणारा लिम्फोग्रॅन्युलोमा हा आजार तेथे तीव्र गुदाशयदाहाच्या रूपाने समलिंगी पुरुषांमध्ये आढळला. हा क्लॅमिडियाचाच एक प्रकार आहे. पुढे जुने नमुने तपासले असता तोच उपप्रकार १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये होता, असे दिसून आले. साथ नवी नव्हती. तिच्याकडे लक्ष नव्याने गेले होते.

दुर्लक्षाची खरी किंमत एचआयव्हीच्या रूपाने मोजावी लागते. दाह झालेल्या अस्तरातून विषाणूचा प्रवेश सुलभ होतो. सॅन फ्रान्सिस्कोमधीलच एका अभ्यासात, दोन वर्षांत दोनदा गुदाशयाचा परमा वा क्लॅमिडिया झालेल्या पुरुषांना एचआयव्हीचा धोका आठपट असल्याचे आढळले. भारतात २०२१ च्या एचआयव्ही प्रहरी सर्वेक्षणात समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये हे प्रमाण ३.२६ टक्के आणि तृतीयपंथीयांमध्ये ३.७८ टक्के होते. देशातील प्रौढांमध्ये ते सुमारे ०.२१ टक्के होते. तथापि हा केवळ पुरुषांचा आजार नव्हे. स्त्रियांमध्येही गुदाशयातील क्लॅमिडिया आढळतो, आणि तो गुदसंबंध नसतानाही आढळल्याची नोंद आहे.

डॉक्टरांचा संकोच आणि रुग्णाची भीती यांत कायद्याचाही वाटा होता. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या परस्पर संमतीच्या खाजगी संबंधांपुरते दूर केले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पुन्हा लागू झाले आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. त्याच महिन्यात २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदाही अमलात आला. बाधित व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन त्यात आहे.

तक्रार मूळव्याधीची वाटत असली तरी उपचारांनी ती हटत नसेल, तर डॉक्टरांना लैंगिक संबंधांची माहिती स्पष्टपणे द्यावी आणि सिफिलिस व एचआयव्हीसाठी रक्ताची तपासणी करून घ्यावी. जोडीदारावरही उपचार न झाल्यास संसर्ग परत येतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर जवळच्या तपासणी केंद्राची माहिती मिळते.