कडू घोट – भाग ११ : फर्नेटचा एक चमचा

नेग्रोनीचे तीन समान भाग – जिन, गोड व्हर्मूथ आणि कँपारी – मागच्या वेळी मांडून झाले. या आठवड्यात त्यातली व्हर्मूथ उलगडायची असं ठरलं होतं, पण ती आता पुढच्या शनिवारी. मधल्या काळात पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न चार ओळींत निकालात काढण्यासारखा नाही.

त्यांच्या मुलीने मिलानहून येताना फर्नेट ब्रांकाची बाटली आणली. घरातली कँपारी संपली होती. दोन्ही इटालियन, दोन्ही कडू, म्हणून त्यांनी नेग्रोनीत कँपारीच्या जागी ३० मिली फर्नेट ओतली. पहिला घोट घशाखाली उतरेना. ग्लास बेसिनमध्ये गेला आणि बाटली औषधांच्या कपाटात. ते विचारतात, हे पेय आहे की पोटाचं औषध? आणि कॉकटेलमध्ये हे घालतात तरी कसं?

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. फर्नेट ब्रांकाचा जन्म १८४५ सालचा, मिलानचा. बर्नार्दिनो ब्रांका यांनी ती बनवली आणि औषधी गुणांची ग्वाही देतच विकली. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळातही ती औषध म्हणून दुकानांत मिळत राहिली. इटलीत आजही जेवणानंतर छोटा ग्लासभर फर्नेट घेणारी माणसं आहेत. जड जेवण हलकं वाटावं म्हणून. ही त्यांची जेवणाची रीत आहे, उपचार नव्हे. ३९ टक्के अल्कोहोल असलेल्या द्रवाला पोटाचं औषध समजू नये. बाटली त्या कपाटातून बाहेर काढा, हे पहिलं काम.

आता आत काय आहे ते पाहू, कारण सगळं उत्तर तिथेच दडलंय. कृती गुप्त आहे, पण २७ वनस्पती आणि मसाले आहेत असं कंपनी सांगते आणि त्यातली काही नावंही उघड करते : जेन्शनचं मूळ, कोरफडीचा सुकवलेला रस, हिराबोळ, रेवाचिनी, सिंकोनाची साल, कॅमोमाइल, केशर. ही यादी घेऊन आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलात तर दुकानदार गोंधळणार नाही. रेवाचिनी आणि हिराबोळ तो लगेच पुड्यांत बांधून देईल. कोरफडीचा सुकवलेला रस म्हणजे त्याच्या फळीवरचा काळा बोळ. जेन्शन मात्र त्याच्याकडे नसेल. ती युरोपातल्या डोंगरांत वाढते. पण तिची सख्खी भावकी त्याच्याकडे नक्की असते : काडेचिराईत. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आणि दोन्हींमध्ये अ‍ॅमॅरोजेन्टिन नावाचं एकच कडू द्रव्य सापडतं. त्याचा एक भाग पाण्याच्या पाच कोटी भागांत मिसळला तरी जिभेला कळतो. निसर्गातल्या सर्वांत कडू द्रव्यांत त्याची गणना होते. लहानपणी तापात ज्यांना रात्रभर भिजवलेल्या काडेचिराइताचं पाणी सकाळी प्यावं लागलं असेल, त्यांना फर्नेटच्या पहिल्या घोटात ओळखीचं काहीतरी भेटेल.

या सगळ्या वनस्पतींचा अर्क ओकच्या पिंपांत किमान वर्षभर मुरतो. हाती येते ती गडद तपकिरी, मेन्थॉलसारखा थंडावा देणारी, मातकट आणि कमी गोड लिकर. हे शेवटचं विशेषण महत्त्वाचं आहे. कँपारीही कडू आहे, पण तिच्यात साखर भरपूर असते आणि अल्कोहोल देशागणिक २०.५ ते २८.५ टक्के. नेग्रोनीतली निम्मी गोडी कँपारी स्वतःच घेऊन येते. तिच्या जागी तेवढीच फर्नेट घातली की कडूपणा कितीतरी वाढतो, साखर कमी होते आणि अल्कोहोलही चढतं. तोल तिन्ही बाजूंनी एकदम सुटतो. पुण्याच्या ग्लासात नेमकं हेच झालं.

मग फर्नेट वापरायची कशी? याचं आजवरचं सर्वांत सुंदर उत्तर लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमधल्या अमेरिकन बारने दिलं, आणि ते देणारी होती एडा कोलमन. १९०३ पासून सुमारे दोन दशकं ती तिथली मुख्य बारटेंडर होती. त्या पदावर तिच्यानंतरची स्त्री यायला २०२१ साल उजाडावं लागलं, यावरून तिचं स्थान लक्षात यावं.

तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत चार्ल्स हॉट्री नावाचे नट आणि नाट्यनिर्माते होते. कामाने थकले की ते बारमध्ये येत आणि अंगात तरतरी येईल असं काहीतरी मागत. कोलमनने पुढे निवृत्तीच्या सुमारास वर्तमानपत्राला सांगितलं की त्यांच्यासाठी एक नवं पेय जमवायला तिने तासन्‌तास घालवले. पुढच्या वेळी ते आले तेव्हा तिने ग्लास पुढे केला. त्यांनी चव घेतली, एका दमात संपवलं आणि खुशीत जो उद्गार काढला तोच पेयाचं नाव झाला : हँकी पँकी. हॉट्री १९२३ साली वारले, म्हणजे पेय त्याच्याही आधीचं.

१९३०च्या सॅव्हॉय कॉकटेल पुस्तकात हॅरी क्रॅडॉकने त्याची कृती दिली आहे. निम्मी ड्राय जिन, निम्मी गोड इटालियन व्हर्मूथ, फर्नेट ब्रांकाचे दोन डॅश, आणि वरून संत्र्याची साल पिळायची. बस्स.

या कृतीत फर्नेटची जागा पाहा. ती तिसरा भागीदार नाही. जिन आणि व्हर्मूथ यांनी पेयाचं अंग उभं केलंय आणि फर्नेट त्यात आमटीतल्या हिंगासारखी आहे : वेगळी चाखली तर नकोशी, पण काढून टाकली तर पेय पोरकं. तिला सांभाळायची जबाबदारी व्हर्मूथवर आहे. युरोपीय नियमांनुसार गोड म्हणवणाऱ्या व्हर्मूथमध्ये लिटरला किमान १३० ग्रॅम साखर असते. म्हणजे ४५ मिलीत जवळजवळ ६ ग्रॅम, दीड चमचा. शिवाय व्हर्मूथमध्ये स्वतःचा सौम्य कडूपणा असतोच, त्यामुळे फर्नेट उपरी वाटत नाही.

आता माझा लाडका वाद : दोन डॅश म्हणजे किती? बिटर्सच्या बाटलीच्या बारीक तोंडातून एका झटक्यात साधारण मिलीभर द्रव पडतो. त्या हिशेबाने दोन डॅश म्हणजे २ मिलीच्या आसपास. पण फर्नेटच्या बाटलीला तसलं तोंड नसतं, आणि कोलमनचा हात किती सढळ होता हे कोण सांगणार? आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या आजच्या कृतीत ४५ मिली जिन आणि ४५ मिली व्हर्मूथला ७.५ मिली फर्नेट आहे. जुन्या पुस्तकाच्या जवळजवळ चौपट! दोन्ही प्रमाणं मान्यवर आणि दोन्ही पेयं सारखी लागत नाहीत. २ मिलीत फर्नेट फक्त शेवटी जाणवते, घोट गेल्यावर. ७.५ मिलीत ती दारातच भेटते. माझं मत ५ मिलीला, म्हणजे एक सपाट चहाच्या चमच्याला. त्यात सुरुवात जिनची होते, मधे व्हर्मूथची फळं आणि मसाले येतात आणि फर्नेटचा थंडावा मागून हळूहळू पसरतो.

माझ्या मतावर विसंबू नका. मेडिकलमधून बिनसुईची ५ मिलीची सिरिंज आणा. ४५ मिली जिन आणि ४५ मिली व्हर्मूथ मोठ्या बर्फावर अर्धा मिनिट ढवळा आणि तीन छोट्या ग्लासांत सारखी गाळून घ्या. पहिल्यात ०.७ मिली फर्नेट घाला, दुसऱ्यात १.७ आणि तिसऱ्यात २.५. ही वरच्या तीन प्रमाणांचीच तिसऱ्या हिश्श्याची मापं आहेत. पाणी पिऊन, क्रमाने चाखा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी न सांगता चाखायला द्या. कडूपणाची सहनशक्ती माणसागणिक बदलते. तुमचं प्रमाण तुम्हालाच सापडलं पाहिजे.

क्रॅडॉकचं पुस्तक हे पेय शेकरमध्ये हलवायला सांगतं. मी ढवळतो. हलवल्याने हवा मिसळते, पेय फेसाळतं आणि तोंडात पातळ लागतं. इथे व्हर्मूथचा भरीवपणा टिकायला हवा. संत्र्याच्या सालीचा एक बोटभर तुकडा, पांढरा भाग शक्य तितका टाळून, ग्लासावर पिळा. सालीतलं तेल पृष्ठभागावर पसरतं आणि फर्नेटच्या मातकट वासाआधी नाकाला संत्रं मिळतं. ही पायरी गाळू नका.

ज्यांना जिन आवडत नसेल त्यांच्यासाठी टोरांटो नावाचं कॉकटेल. रॉबर्ट व्हर्मेर या बारटेंडरच्या १९२२च्या पुस्तकात याचा पूर्वज आहे, आणि टोरांटोच्या कॅनडावासीयांना तो आवडतो अशी नोंदही. आजचं प्रमाण : राय व्हिस्की ६० मिली, फर्नेट ७.५ मिली, साखरेचा पाक ७.५ मिली, अँगोस्टुरा बिटर्सचे दोन डॅश. ढवळून गाळायचं. इथे व्हर्मूथ नाही, म्हणून गोडीसाठी फर्नेटइतकाच पाक घालावा लागतो. पाक कमी करून पाहा, पेय लगेच टोचायला लागेल.

या चमच्याच्या हिशेबाला एका देशाने मात्र ठामपणे नकार दिलाय. अर्जेंटिनात इटालियन स्थलांतरितांबरोबर फर्नेट पोचली आणि आज ती तिथल्याइतकी कुठेच खपत नाही. ब्रांकाचा कारखानाच ब्वेनोस आयरेसजवळ आहे. तिथे, आणि कोर्दोबा प्रांतात तर सर्वांत जास्त, ती कोलात घालतात, आणि चमच्याने नव्हे : ५० मिली फर्नेटला साधारण १२० ते १५० मिली कोला. हे जमतं कसं? कोलात १०० मिलीला १० ग्रॅमहून जास्त साखर असते, फॉस्फोरिक आम्लाची आंबटाई असते आणि भरपूर वायू. १५० मिली कोला म्हणजे १५ ग्रॅम साखर. हँकी पँकीच्या अडीचपट. गोडी वाढली तशी फर्नेट वाढली, नियम तोच राहिला. उंच ग्लास बर्फाने भरा, आधी फर्नेट, मग ग्लास तिरका धरून कोला अगदी सावकाश. घाई केली तर तपकिरी फेस टेबलावर येतो. साखरविरहित कोला नको, त्यात फर्नेटला आधार मिळत नाही.

तर पुण्याच्या वाचकांना माझा सल्ला असा. नेग्रोनीसाठी कँपारीच आणा, तिला पर्याय शोधू नका. फर्नेटची बाटली जिनशेजारी ठेवा. ३९ टक्क्यांमुळे ती उघडल्यावरही कपाटात चांगली राहते. ७०० मिलीच्या भरलेल्या बाटलीत चमच्याच्या मापाने १४० हँकी पँकी असतात. व्हर्मूथ मात्र उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवायची. त्याची कारणं पुढच्या शनिवारी. तोवर तुमचं फर्नेटचं प्रमाण किती ठरलं ते जरूर कळवा.