डब्यावरचा रंग कशाचा?

भंडारा जिल्ह्याच्या टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत तुमसर तालुक्यातलं बपेरा आहे. हा सगळा धानाचा पट्टा. निंदणाला मजूर मिळत नाहीत, म्हणून रोवणीनंतर दोन-तीन दिवसांतच बांधीत ब्युटाक्लोर किंवा प्रेटिलाक्लोर पडतं. तण उगवून आलंच तर बिसपायरिबॅक सोडियम, आणि पुढे खोडकिडा-तुडतुड्यांसाठी कीटकनाशक. या प्रत्येक डब्यावर तिरपा उभा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहून शेतकरी औषध कडक की सौम्य ते ठरवतो. हा रंग ठरतो कसा?

1927 साली जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक माप सुचवलं. प्राण्यांच्या एका गटाला पदार्थ दिल्यावर त्यातले निम्मे ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा म्हणजे एलडी-50. वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम, असा तो आकडा लिहितात; आकडा लहान तेवढं विष जहाल. ट्रेव्हनला डिजिटॅलिससारख्या तीव्र औषधांची ताकद मोजायची होती, शेतीचा त्यात संबंध नव्हता. पुढे हेच माप कीटकनाशकांना लागलं. आपल्याकडे 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार तोंडावाटे एलडी-50 हा 50 पर्यंत असेल तर लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. कातडीवाटे होणाऱ्या विषबाधेच्या मर्यादा वेगळ्या आहेत.

आता दोन उदाहरणं शेजारी ठेवू. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचा उंदरांमधला आकडा वीसच्या आत, म्हणजे लाल. पॅराक्वाट या तणनाशकाचा सुमारे दीडशे, म्हणजे पिवळा. रंग पाहून पॅराक्वाट बरं वाटेल. पण मोनोक्रोटोफॉस शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर अडवतं, त्यामुळे लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. वेळेत दवाखाना गाठला तर त्यावर अ‍ॅट्रोपिन आहे. पॅराक्वाटवर उतारा नाही. ते फुप्फुसात साठतं आणि तिथल्या ऑक्सिजनशी क्रिया करत पेशी जाळत राहतं. म्हणूनच एरवी प्राण वाचवणारा ऑक्सिजन या रुग्णाला डॉक्टर हात राखून देतात. काही रुग्ण पहिले दोन दिवस बरे दिसतात आणि नंतर खालावतात. उंदीर किती मात्रेला मेला एवढंच सांगणाऱ्या आकड्यात यातलं काहीच उमटत नाही.

दुसरी उणीव पंपातली. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. तेव्हा चर्चेत आलेल्या कीटकनाशकांपैकी डायफेन्थियुरॉनचा आकडा दोन हजारांच्या आसपास, म्हणजे निळ्या पट्ट्यातला. प्रोफेनोफॉस पिवळ्या पट्ट्यातला. पण कपाशी डोक्याएवढी वाढलेली, कपडे औषधाने भिजलेले, आणि एकाच पंपात दोन-तीन औषधं. एका पदार्थाची एक मात्रा मोजून काढलेला रंग अशा मिश्रणाबद्दल गप्प असतो.

शिवाय डब्यात एकटा मूळ पदार्थ कधीच नसतो. तो पानाला चिकटावा, आत शिरावा म्हणून इतर रसायनं मिसळलेली असतात. फ्रान्समधल्या जिल-एरिक सेरालिनी यांच्या गटाने 2014 मध्ये नऊ औषधं मानवी पेशींवर तपासली. त्यांपैकी आठ औषधांमध्ये तयार माल मूळ पदार्थापेक्षा अधिक घातक निघाला. सेरालिनी वादग्रस्त आहेत. त्यांचा उंदरांवरचा 2012 चा शोधनिबंध नियतकालिकाने मागे घेतला होता. बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेपही योग्यच. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न मला रास्त वाटतो: मोजायचं ते काय, घटक की डबा?

वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जाणाऱ्या विषाची तर गोष्टच निराळी. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेट या तणनाशकाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. उंदरांमध्ये त्याचा एलडी-50 मात्र हिरव्या पट्ट्याच्या आसपास आहे.

तेव्हा रंग पाहाच, पण हिरवा दिसला म्हणून हातमोजे आणि तोंडावरचं फडकं घरी ठेवू नका, मनाने मिश्रणं करू नका. डब्यावर आणि सोबतच्या माहितीपत्रकात घटकाचं नाव आणि उतारा छापलेला असतो. फवारताना कुणाला गरगरलं, तर भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, आणि तुमसरच्या रुग्णालयात नेताना रुग्णाबरोबर तो डबाही न्या.