मऊ प्लॅस्टिकचे 'ग्रब' आमिष आणि ब्लॅक बासची मासेमारी : रचना, कार्यपद्धती व पर्यावरणीय प्रश्न

सारांश : उत्तर अमेरिकेत ब्लॅक बास या गोड्या पाण्यातील माशाच्या मासेमारीसाठी वापरले जाणारे वक्र शेपटीचे 'ग्रब' हे मऊ प्लॅस्टिकचे आमिष आज जुन्या पद्धतीचे मानले जाते. तथापि अत्यंत संथ गतीतही हलणारी शेपटी या गुणामुळे त्याची उपयुक्तता कमी झालेली नाही. मात्र ज्या द्रव्यामुळे ही शेपटी हलते, तेच द्रव्य पाण्यात सहजी विघटन पावत नाही. प्रस्तुत लेखात या आमिषाची घडण, ते माशाला आकर्षित करण्याची कारणे, वापरण्याची रीत आणि त्यातून उद्भवणारा पर्यावरणीय प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : ब्लॅक बास, कृत्रिम आमिष, ग्रब, प्लॅस्टिसॉल, पार्श्वरेखा, जलप्रदूषण.

१. प्रस्तावना

आपल्याकडे 'सी बास' म्हटले की किनारपट्टीवरील वाचकाच्या डोळ्यांपुढे खाडीतील जिताडा येतो. अमेरिकेतील ब्लॅक बासचा मात्र जिताड्याशी जवळचा संबंध नाही. ब्लॅक बास हे मायक्रोप्टेरस या प्रजातीतील, नद्या व तलावांत राहणारे मांसभक्षक मासे होत. त्यांपैकी मोठ्या जबड्याचा 'लार्जमाउथ' आणि लहान जबड्याचा 'स्मॉलमाउथ' हे दोन प्रमुख असून, फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने १८०२ मध्ये त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. लार्जमाउथ पाणवनस्पतींच्या आडोशाने, तर स्मॉलमाउथ खडकाळ तळाशी व स्वच्छ, थंड पाण्यात अधिक आढळतो. लहान मासे आणि शेवंडीसारखा दिसणारा, गोड्या पाण्यातील क्रेफिश हे दोघांचेही मुख्य खाद्य होय.

इंग्रजीत 'ग्रब' म्हणजे भुंगेऱ्याची जाड, मऊ अळी. उसाच्या मुळ्या कुरतडणारी हुमणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या नावामागील साम्य चटकन लक्षात येईल. या आमिषाचे अंग हुमणीसारखेच आखूड, गुबगुबीत आणि आडव्या वळ्यांचे असते. फरक इतकाच की, त्याच्या मागील टोकाला कोयत्याच्या पात्यासारखी वळलेली, पातळ व चपटी शेपटी असते. त्याची लांबी साधारणतः ३ ते ५ इंच असते. आजच्या बाजारपेठेत याहून कितीतरी गुंतागुंतीची आमिषे मिळतात. असे असताना हे साधे आमिष टिकून का राहिले, हा या लेखाचा पहिला प्रश्न आहे. ते टिकण्याची किंमत काय, हा दुसरा.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

या आमिषाचा इतिहास रसायनशास्त्राच्या इतिहासाशी जोडलेला आहे. ओहायो राज्यातील ॲक्रन हे शहर रबर उद्योगाचे केंद्र होते. तेथील बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन हा रसायनशास्त्रज्ञ धातूला रबर चिकटविणारे द्रव्य शोधत होता. १९२६ मध्ये त्याने पॉलीव्हिनाइल क्लोराइड हे तोवर निरुपयोगी समजले गेलेले कठीण बहुवारिक उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापविले. त्यातून चिकटविणारे द्रव्य मिळाले नाही. पण मऊ, लवचीक असा नवाच पदार्थ हाती आला. याच शहरात १९४९ मध्ये निक क्रीम या यंत्रकामगाराने पत्नी कॉस्मा हिच्यासह घरच्या स्वयंपाकघरात व्हायनिल, तेल व रंग यांचे मिश्रण शिजवून साच्यात गांडूळ ओतले. मऊ प्लॅस्टिकच्या आमिषांचा व्यवसाय येथून वाढीस लागला. पुढे क्रीम यांचा व्यवसाय टेक्सास राज्यातील टायलर येथे गेला.

१९६७ मध्ये आर्कान्सा राज्यातील बीव्हर लेक येथे रे स्कॉट यांनी बास मासेमारीची राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा भरविली आणि त्यातून स्पर्धात्मक मासेमारीची परंपरा रुजली. १९७० च्या दशकात लुइझियाना राज्यातील मिंडन येथील 'मिस्टर ट्विस्टर' कंपनीने वक्र शेपटीचे आमिष लोकप्रिय केले. त्यानंतर ॲरिझोनातील पेज येथील गॅरी यामामोतो यांच्यासारख्या उत्पादकांनी मिश्रणात मीठ घालून जड व भरीव ग्रब तयार केले. मात्र स्पर्धांबरोबर नावीन्याची ओढही वाढली. नवनवी आमिषे येत गेली, तसतसा ग्रब मागे पडला. अनेकांच्या पेटीत तो आता दुसऱ्या एखाद्या आमिषाच्या गळाला मागून जोडण्याची शेपटी एवढ्यापुरताच उरला आहे.

३. द्रव्य आणि घडण

ग्रबचे द्रव्य 'प्लॅस्टिसॉल' या नावाने ओळखले जाते. पॉलीव्हिनाइल क्लोराइडची बारीक भुकटी द्रवरूप मृदुकारी द्रव्यात मिसळली असता दुधासारखे मिश्रण तयार होते. ते सुमारे १७५ अंश सेल्सियसपर्यंत तापविले की भुकटीचे कण ते द्रव शोषून फुगतात व एकमेकांत मिसळून जातात. मिश्रण पारदर्शक होते, साच्यात ओतले जाते आणि थंड झाल्यावर रबरासारखे घट्ट होते. मृदुकारी द्रव्याचे प्रमाण वाढविल्यास आमिष अधिक मऊ होते. परंतु ते लवकर फाटते. मिठामुळे वजन वाढते, पण चिवटपणा कमी होतो. म्हणजेच मऊपणा आणि टिकाऊपणा यांचा मेळ घालणे हीच उत्पादकाची खरी कसोटी होय.

शेपटीचे कार्य समजण्यास सोपे आहे. आमिष पाण्यातून ओढले जाते, तेव्हा समोरून येणारा प्रवाह शेपटीचे वळण उलगडू पाहतो, तर द्रव्याची लवचीकता तिला मूळ आकारात परत आणते. या दोन बलांच्या ओढाताणीतून शेपटी सतत फडफडत राहते. शेपटी जितकी पातळ व मऊ, तितक्या कमी वेगात ही हालचाल सुरू होते. आमिष स्वतःच्या वजनाने तळाकडे बुडत असतानाही ती थांबत नाही. अनेक आमिषांना सजीवता आणण्यासाठी मासेमाराला मनगटाचे कौशल्य पणाला लावावे लागते. ग्रबच्या बाबतीत ते काम आकारच करतो.

४. माशाची संवेदना

बास मुख्यतः दृष्टीच्या साहाय्याने शिकार करतो. परंतु गढूळ पाण्यात व अगदी जवळच्या अंतरावर पार्श्वरेखा हे इंद्रिय त्याच्या उपयोगी पडते. माशाच्या दोन्ही कुशींवरून जाणाऱ्या या रेषेतील संवेदी पेशी पाण्याच्या सूक्ष्म हालचाली टिपतात. पोहणाऱ्या लहान माशामुळे उठणारी कमी वारंवारतेची स्पंदने आणि ग्रबच्या शेपटीची फडफड यांत साम्य असल्याने माशाची फसगत होते. भक्ष्य टप्प्यात येताच बास तोंड झटकन उघडून ते पाण्यासह आत ओढून घेतो. मऊ व लहान आमिष सहजी आत जाते आणि कठीण लाकडाप्रमाणे ते लगेच परके वाटत नाही.

रंगाविषयी मासेमारांमध्ये अनेक समजुती आहेत. लार्जमाउथच्या रंगदृष्टीवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे मासे लाल व काही प्रमाणात हिरवा रंग इतर रंगांपासून वेगळा ओळखू शकले. मात्र पोपटी-पिवळा व पांढरा, तसेच निळा व काळा यांत त्यांना भेद करता आला नाही. तेव्हा पेटीत वीस रंग बाळगण्यापेक्षा थोडे रंग भक्ष्यानुसार निवडणे अधिक सयुक्तिक ठरते. स्वच्छ पाण्यात लहान माशांसारखा धुरकट पारदर्शक, खडकाळ तळाशी क्रेफिशसारखा तपकिरी-हिरवा आणि गढूळ पाण्यात पांढरा अशी निवड रूढ आहे.

५. वापरण्याची रीत

ग्रब बहुधा डोक्याशी शिशाचा गोळा असलेल्या गळावर चढवितात. या गळास 'जिग' म्हणतात. गळाचे टोक आमिषाच्या नाकाच्या बरोबर मध्यातून आत घालून साच्याच्या शिवणीवर बाहेर काढावे लागते. आमिष तिरके बसल्यास ते पाण्यात गरगर फिरते, तंगुसाच्या दोरीला पीळ पडतो आणि सगळा परिणाम वाया जातो. नवशिक्याचे अपयश पुष्कळदा एवढ्या लहानशा चुकीत दडलेले असते.

वजन पाण्याच्या खोलीनुसार ठरते. उथळ पाण्यात १/८ औंस, म्हणजे सुमारे ३.५ ग्रॅम, आणि अधिक खोलीत किंवा वाऱ्यात १/४ औंस, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, ही नेहमीची मापे होत. हव्या त्या खोलीपर्यंत पोहोचणारे सर्वांत हलके वजन निवडावे, असा संकेत आहे; कारण आमिष हळू बुडाले तर माशाला ते अधिक काळ दिसते.

खोली राखण्यासाठी अंक मोजण्याची जुनी युक्ती वापरतात. समजा, १५ फूट खोल पाण्यात आमिष तळाशी टेकण्यास १५ अंक लागले, तर ते एका अंकाला सुमारे एक फूट बुडते. मासे १० फुटांवर असतील, तर पुढील फेकीत दहा अंक मोजून दोरी गुंडाळण्यास सुरुवात करावी. यानंतर करावयाचे ते इतकेच, की दोरी एकाच संथ गतीने गुंडाळत राहावे. झटके देण्याची आवश्यकता नसते. तळाशी क्रेफिशचा आभास निर्माण करावयाचा असल्यास आमिष हलकेच उचलून पुन्हा टेकू द्यावे.

या संथपणाला जीवशास्त्रीय आधार आहे. मासे शीतरक्ताचे असल्याने थंड पाण्यात त्यांचे पचन व हालचाल मंदावते आणि वेगाने जाणाऱ्या भक्ष्याचा पाठलाग करण्यास ते नाखूश असतात. वेगावरच अवलंबून असणारी आमिषे अशा वेळी निष्प्रभ ठरतात. ग्रबची शेपटी मात्र हलत राहते. जुने आमिष टिकून राहण्याचे प्रमुख कारण हेच आहे.

६. पर्यावरणीय प्रश्न

येथवर ग्रबची जमेची बाजू पाहिली. दुसरी बाजू त्याच्या द्रव्यातच आहे. मऊ आमिष फाटते, गळावरून निसटते, खडकात अडकून तुटते किंवा निकामी झाल्यावर पाण्यात टाकून दिले जाते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील चार्ल्सटन लेक येथील अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याअंतर्गत झालेल्या प्रयोगांत अशी आमिषे दोन वर्षे पाण्यात ठेवली असता त्यांचे विघटन झाल्याचे फारसे दिसले नाही. उलट बहुतेक आमिषे फुगली, आणि कोमट पाण्यात ती थंड पाण्यापेक्षा अधिक फुगली. त्याच तलावात जाळ्याने पकडलेल्या माशांपैकी २.२ टक्के लेक ट्राउट आणि ३.४ टक्के स्मॉलमाउथ बास यांच्या पोटात अशी आमिषे आढळली. त्यापूर्वी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ब्रुक ट्राउट माशांनी सुटी आमिषे आपण होऊन गिळल्याचे व त्यांचे वजन घटल्याचे दिसून आले होते.

२०१३ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळात अशा आमिषांवर बंदी घालण्याचे विधेयक मांडले गेले. मासेमार व उत्पादक यांनी त्यास विरोध केला. अखेरीस बंदीऐवजी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाकडे अभ्यास सोपविण्यात आला. शिशाच्या गोळ्यांबाबत मात्र काही राज्यांनी कठोर पावले उचलली. बुडी मारून मासे पकडणारा लून हा पक्षी शिसे गिळून विषबाधेने मरतो, म्हणून न्यू हॅम्पशायर राज्याने २०१६ पासून एक औंस किंवा त्याहून कमी वजनाच्या शिशाच्या जिगच्या विक्रीवर व गोड्या पाण्यातील वापरावर बंदी घातली. शिशाला टंगस्टन, कथील यांसारखे पर्याय उपलब्ध होते. मऊ प्लॅस्टिकला तितकाच मऊ, स्वस्त आणि विघटनशील पर्याय रूढ करणे अधिक अवघड आहे.

येथे एक विसंगती लक्षात येते. १९७२ पासून रे स्कॉट यांनी आपल्या स्पर्धांत पकडलेला मासा जिवंत ठेवून पुन्हा पाण्यात सोडण्याचा पुरस्कार केला आणि हौशी मासेमारांनी ती रीत मोठ्या प्रमाणावर अंगीकारली. मासा वाचविण्याची काळजी घेणाऱ्या हातातूनच फाटलेला ग्रब त्याच पाण्यात पडत असेल, तर ती काळजी अपुरी ठरते. उपाय साधे आहेत : आमिष घट्ट धरून ठेवणाऱ्या खाचेदार मानेचा गळ वापरणे, फाटलेले आमिष उष्णतेने जोडून पुन्हा वापरणे आणि निकामी झालेले खिशात घालून परत आणणे.

७. निष्कर्ष

ग्रबचे यश त्याच्या साधेपणात आहे. लवचीक द्रव्य आणि पातळ वक्र शेपटी यांच्या संयोगामुळे ते मासेमाराच्या कौशल्यावर फारसे अवलंबून न राहता संथ पाण्यात, थंड ऋतूत आणि निरनिराळ्या खोलीवर उपयोगी पडते. मात्र ज्या बहुवारिकाने त्यास हा गुण दिला, त्यानेच त्यास चिरस्थायी कचरा बनविले आहे. एखाद्या साधनाचे मूल्यमापन ते किती मासे मिळवून देते एवढ्यावरच न करता, वापरानंतर त्याचे काय होते यावरही करणे आवश्यक आहे. जुने आमिष वापरण्यात गैर काही नाही; ते तळ्यात न सोडता घरी परत आणण्याची सवय तेवढी त्यास जोडली पाहिजे.