जुनी शिडाची बोट? आधी डोलकाठीचं टोक बघा!
शीड वर ओढणारा दोर, म्हणजे हॅलयार्ड, बहुतेकदा टोकाच्या कप्पीवरच झिजतो. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा सफरीत हा दोर तुटला, तर भर समुद्रात डोलकाठीवर चढायची पाळी येते.

दोर बदलताना:
⛵ जुना दोर नुसता उपसून काढू नका. त्याच्या टोकाला नव्या दोराचं टोक सुईदोऱ्याने शिवा, वर घट्ट टेप गुंडाळा आणि जुना हळूहळू खेचा. नवा कप्पीतून आपोआप ओवला जातो.
⛵ कप्पी हाताने फिरवून बघा. अडकत असेल किंवा खाचेला धार आली असेल तर बदला, नाहीतर नवा दोरही कापला जाईल.
⛵ कप्पीची पिन गंजली नाही ना, तेही तपासा.

आणि वर चढताना दुसरा सुरक्षादोर हवाच!